जेजेचं ग्लिसरीन

ही गोष्ट ऑक्टोबर २०२५ मधली. तेव्हाच लिहायची होती, पण आधी ऑफिसचा रिलीज, मग दिवाळी, मग आमचा नेहमीचा आळस, असं करत राहून गेली. परवा औषधांचा डबा आवरताना पुन्हा आठवली, म्हणून हा वीकांत तिच्या नावे.

तर झालं असं, की आमची लेक (तेव्हा वय वर्षं तीन) दोन दिवस खोकत होती. रात्रीचे अकरा वाजलेले. तिला खांद्यावर घेऊन मी फ्रिजच्या दारात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली शोधत होतो आणि बायको मोबाईलवर बातमी वाचत होती. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं औषध घेतल्यावर लहान मुलांच्या किडन्या निकामी होत होत्या. त्यातली बरीच मुलं उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती. बाटली मिळाली होती, पण माझा हात तिच्यावर तसाच राहिला.

आमची बाटली वेगळ्या कंपनीची होती, वेगळं औषध होतं. हे दोन मिनिटांत कळलं. तरी ती उघडायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. बाबा बँकेतून रिटायर झालेले, सगळी नोकरी फोर्टमध्ये, रोज दोन पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या पिढीतले. मी मोठ्या उत्साहात सगळं सांगितलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "अरे, हे तर जेजेचं ग्लिसरीन."

"म्हणजे?"

"तुझ्या जन्माच्या आधीचं आहे ते. लेंटिन कमिशन. तुझ्या त्या गूगलवर बघ."

बघितलं. एक दुवा उघडला, त्यातून दुसरा, आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत मी १९८६ च्या मुंबईतून १९३७ च्या अमेरिकेत पोचलो होतो. (आधीच सांगून टाकतो: मी डॉक्टर नाही, केमिस्ट नाही. दहावीला केमिस्ट्रीत कसेबसे मार्क मिळवून पुढे कोड लिहायला लागलेला माणूस आहे. तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, माझ्या ब्लॉगला विचारून नाही.)

या सगळ्या गोष्टीतला खलनायक एकच आहे. त्याचं नाव डायएथिलीन ग्लायकॉल. नाव लांबलचक आहे, म्हणून लेखात त्याला आपण डीईजी म्हणू. रंग नाही, वास जवळजवळ नाही, पाकासारखा दाट, पाण्यात सहज मिसळणारा आणि चवीला गोड. ब्रेक ऑइल, शाई, रेझिन अशा शंभर ठिकाणी कारखान्यांत तो लागतो आणि तिथे तो अगदी गुणी आहे. गोची इतकीच, की तो दिसायला आणि चवीला हुबेहूब ग्लिसरीनसारखा. औषधात वापरतात त्या प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखाही. आणि त्या दोघांपेक्षा स्वस्त.

आता औषधात असलं काही घालायचंच कशाला? तर पॅरासिटामॉलसारखी औषधं नुसत्या पाण्यात पुरेशी विरघळत नाहीत. लहान मुलाला गोळी गिळता येत नाही, म्हणून ती कशात तरी विरघळवून, गोड करून, चमच्यानं द्यावी लागतात. हे "कशात तरी" म्हणजे ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल. आपण बाटलीवरचं औषधाचं नाव वाचतो. बाटलीत त्या औषधापेक्षा कितीतरी जास्त असतं ते हे पातळ द्रव्य, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

डीईजी पोटात गेला की तो स्वतः फारसं काही करत नाही. दारू पचवणारं जे एन्झाइम आपल्या यकृतात असतं, तेच त्याला पकडतं आणि पायरी-पायरीनं त्याचं डायग्लायकॉलिक आम्ल बनवतं. हे आम्ल किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींमध्ये साठत जातं आणि त्या पेशी मरतात. आधी उलट्या, पोटदुखी, सुस्ती. मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होते, नंतर बंद. यातली फसवी गोष्ट वेळेची आहे. मूल आधीच तापानं आजारी असतं, उलट्या होतात, आई-बापांना वाटतं ताप वाढलाय. म्हणून ते काय करतात? औषधाचा पुढचा डोस देतात.

आता १९३७.

पेनिसिलीन अजून औषधाच्या दुकानात यायचं होतं. जंतुसंसर्गावर त्या काळातला चमत्कार म्हणजे सल्फा औषधं. गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रॉन्टोसिलपासून हे युग सुरू झालं. (खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा १९३६ च्या डिसेंबरात याच औषधानं बरा झाला होता. तेव्हा जाहिरातीची वेगळी गरज नव्हती.) त्यातला खरा कामाचा भाग म्हणजे सल्फॅनिलामाइड. गोळ्या होत्या, पावडर होती. पण अमेरिकेच्या दक्षिण भागातून मागणी आली की पातळ औषध द्या.

टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेनगिल कंपनीचा मुख्य केमिस्ट हॅरोल्ड वॉटकिन्स कामाला लागला. सल्फॅनिलामाइड बऱ्याच द्रवांत विरघळत नव्हतं. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये मस्त विरघळलं. रासबेरीचा स्वाद घातला. कंपनीच्या प्रयोगशाळेनं चव, रंग आणि वास तपासला, तिन्ही छान. नाव दिलं "एलिक्झिर सल्फॅनिलामाइड". सप्टेंबर १९३७ मध्ये देशभर मालाच्या ६३३ खेपा रवाना झाल्या.

विषारी आहे का, हे तपासलं नाही. आणि इथे मी खुर्चीत सरळ बसलो: तपासायची कायद्यानं सक्तीच नव्हती! डीईजी किडनीला घातक आहे अशा अर्थाचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत तोवर आले होते. कुणी ग्रंथालयात एक चक्कर मारली असती तरी पुरलं असतं. चार उंदरांवर प्रयोग केला असता तरी पुरलं असतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातून मृत्यूच्या बातम्या यायला लागल्या. मग अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, आपली जवळजवळ सगळी फौज, २३९ निरीक्षक आणि केमिस्ट, एकच काम देऊन रस्त्यावर उतरवली: प्रत्येक बाटली शोधून आणा. कंपनीनं आपल्या विक्रेत्यांना आधी जी तार पाठवली, तिच्यात माल परत पाठवा एवढंच होतं. का, ते नव्हतं. एफडीएनं दम दिल्यावर दुसरी तार गेली, तिच्यात जिवाला धोका असल्याचं लिहिलं. टेक्ससमधला एक सेल्समन माहिती द्यायला तयार होईना, तर त्याला तोंड उघडेपर्यंत तुरुंगात बसवलं. पूर्व टेनेसीत एका तरुण डॉक्टरनं आपलं लग्न पुढे ढकललं आणि एफडीएच्या केमिस्टबरोबर डोंगरात एका तीन वर्षांच्या मुलाला शोधायला गेला. औषधाची चिठ्ठी घेऊन ते कुटुंब वर डोंगरात राहायला गेलं होतं.

तीन वर्षांचं मूल. हे वाक्य वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि एक चहा करून आलो.

एकूण २४० गॅलन औषध बनलं होतं. त्यातलं सुमारे २३४ गॅलन परत मिळालं. जे सहा-एक गॅलन लोकांच्या पोटात गेलं, त्यानं शंभरहून जास्त माणसं मारली, त्यात ३४ लहान मुलं. मिसिसिपीतल्या एका गावातल्या डॉक्टरचे सहा पेशंट गेले, त्यातला एक त्याचा जिवलग मित्र. कंपनीच्या मालकाचं म्हणणं पडलं, की आम्ही कायदेशीर मागणी पुरवली, असं काही होईल याची कल्पना नव्हती, आमची जबाबदारी नाही. कायद्याच्या दृष्टीनं तो फार चुकतही नव्हता! सरकारला पकडायला एकच मुद्दा सापडला. "एलिक्झिर" म्हणायचं तर त्यात अल्कोहोल हवं, या औषधात ते नव्हतं. म्हणजे खटला झाला तो लेबल चुकलं म्हणून. बाटलीवर "सोल्यूशन" लिहिलं असतं, तर माल जप्त करायचा अधिकारही एफडीएला नव्हता.

यातून २५ जून १९३८ ला रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. औषध बाजारात आणायच्या आधी ते सुरक्षित असल्याचं कंपनीनं दाखवायचं, हे तिथून सुरू झालं. या एलिक्झिरच्या प्राण्यांवरच्या चाचण्या शिकागो विद्यापीठात झाल्या, तिथे फ्रान्सिस केल्सी नावाची एक विद्यार्थिनी काम करत होती. हीच बाई १९६० मध्ये एफडीएत रुजू झाली आणि थॅलिडोमाइडच्या फाइलवर, पुरावा अपुरा आहे म्हणत, सही करायला नकार देत राहिली. जगभरात हजारो मुलं अपंग जन्माला आली, अमेरिका बरीचशी वाचली. १९३७ ला पाहिलेलं ती विसरली नसावी, असं आपलं मला वाटतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर, बग सापडला, कारण कळलं, फिक्स झाला, तिकीट बंद. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण आता बाबांचं जेजे.

१९८६ चा जानेवारी-फेब्रुवारी. मुंबईचं जेजे हॉस्पिटल. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला रुग्णांना तोंडानं ग्लिसरीन द्यायची तेव्हा नेहमीची पद्धत होती. ज्यांची तब्येत सुधारत होती असे रुग्ण अचानक किडनी बंद पडून जायला लागले. १४ जण गेले. डॉक्टरांच्या लक्षात आलं की या सगळ्यांत सारखं एकच आहे, ग्लिसरीन. तपासलं, तर त्यात डीईजी. औषधी म्हणून आलेलं ते ग्लिसरीन औषधी दर्जाचं नव्हतंच.

सरकारनं उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. बाबा सांगतात, रोज संध्याकाळी लोकलमध्ये कमिशनसमोर आज कुणाची उलटतपासणी झाली याचीच चर्चा असायची. अहवाल १९८७ च्या अखेरीस आला. ग्लिसरीनच्या एका खेपेचा माग काढता काढता त्यात हॉस्पिटलची खरेदी, पुरवठादाराचा परवाना, औषध प्रशासनाची तपासणी आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप, सगळंच बाहेर आलं. मुंबईचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लिहिलं, म्हणजे ही कथा साऱ्या जगातल्या डॉक्टरांपर्यंत पोचली होती.

तरीही पुढे काय झालं बघा. ही यादी पूर्ण नाही, आणि पूर्ण करायची माझी इच्छाही राहिली नाही.

१९९० च्या सुमारास नायजेरिया. बांगलादेशात १९९० ते १९९२ पॅरासिटामॉलचं सिरप, ढाक्यात दोनशेहून जास्त मुलं. तिथे किडनी का जाते हे डॉक्टरांना बराच काळ कळत नव्हतं. सिरपवर बंदी आली आणि रुग्ण झपाट्यानं कमी झाले. १९९५-९६ हैती, ऐंशीहून जास्त मुलं. १९९८ गुरगाव, तीसहून जास्त मुलं. २००६ पनामा, शंभरहून जास्त माणसं. २००८ पुन्हा नायजेरिया, दात येणाऱ्या बाळांना द्यायचं औषध, ८४ बाळं. २०१९ चा डिसेंबर आणि २०२० चा जानेवारी, जम्मूजवळचं रामनगर, दहाहून जास्त मुलं. २०२२ गांबिया, साठहून जास्त मुलं, सिरप हरियाणात बनलेलं. त्याच वर्षी उझबेकिस्तान, पुन्हा साठहून जास्त, सिरप नोएडात बनलेलं. त्याच वर्षी इंडोनेशिया, दोनशेच्या आसपास. आणि २०२५ चं छिंदवाडा, वीसहून जास्त मुलं.

आपल्या देशात तर याचीही सुरुवात १९८६ ची नाही. १९७२ साली मद्रासच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये हेच होऊन गेलं होतं.

एकच बग, जवळजवळ नव्वद वर्षं, दर वेळी नव्यानं उघडलेलं तिकीट.

मला सगळ्यात जास्त छळलं ते पनामाच्या प्रकरणानं, कारण तिथे ही साखळी पूर्ण उलगडलेली आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी २००७ मध्ये ती शोधून काढली आणि त्यांना त्यासाठी पुलित्झर मिळालं. चीनमधल्या एका कारखान्यानं ४६ पिंपं भरली. लेबलावर लिहिलं "टीडी ग्लिसरीन". टीडी हे चिनी भाषेतल्या "ऐवजी वापरायचं" अशा अर्थाच्या शब्दाचं लघुरूप. कारखान्याला ठाऊक होतं की हे ग्लिसरीन नव्हे. पिंपं बीजिंगच्या व्यापाऱ्याकडे गेली, तिथून बार्सिलोनाच्या, तिथून पनामाच्या. प्रवासात कुठे तरी "टीडी" गळलं. आधीच्याच्या सर्टिफिकेटवरची माहिती पुढच्यानं आपल्या कागदावर उतरवली. शेवटी ते पनामाच्या सरकारी औषध कारखान्यात पोचलं आणि त्यापासून खोकल्याचं औषध बनलं. तीन देश, तीन व्यापारी, एक सरकारी कारखाना. पिंपाचं झाकण उघडून आत काय आहे हे एकानंही तपासलं नाही. प्रत्येकाकडे आधीच्याचा कागद होता ना!

आपण सॉफ्टवेअरवाले याला काय म्हणतो? बाहेरून आलेल्या इनपुटवर विश्वास ठेवायचा नाही, पहिल्या दिवशी शिकवतात. आणि मग सगळे ठेवतात. "वरच्या सिस्टिमनं चेक केलं असेल." मी स्वतः हे वाक्य किती वेळा उच्चारलंय ते माझ्या टीमला विचारा. आमच्याकडे त्याचं पर्यवसान रात्री दोनच्या फोनमध्ये होतं, एवढाच काय तो फरक.

बरं, तपासणी अवघड आहे का? नाही. थिन लेअर क्रोमॅटोग्राफी नावाची साधी पद्धत आहे. पट्टीवर नमुन्याचा थेंब ठेवायचा, शेजारी खऱ्या डीईजीचा थेंब ठेवायचा, द्रावकात उभी करायची आणि ठिपके कुठवर चढतात ते बघायचं. महागडं यंत्र लागत नाही. अमेरिकेत २००९ पासून ग्लिसरीनची ओळख पटवायच्या चाचणीतच डीईजीची तपासणी धरलेली आहे. आपल्याकडेही औषध बनवणाऱ्यानं प्रत्येक बॅचचा कच्चा माल तपासायचा, हा नियम आहेच. गांबियानंतर भारत सरकारनं १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा केला. निर्यातीच्या! हे उद्गारचिन्ह मुद्दाम टाकलंय. दोन वर्षांनी मुलं गेली ती देशातल्या देशात विकलेल्या सिरपनं.

छिंदवाड्यात सुरुवातीला सगळ्यांना वाटलं काही तरी साथ आहे. पाणी तपासलं, उंदीर-डास बघितले. नागपुरात काही मुलांच्या किडनीची बायोप्सी झाली, तेव्हा नजर विषाकडे वळली. कोल्ड्रिफ नावाचं ते सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलं होतं. तामिळनाडूच्या औषध प्रशासनानं नमुना तपासला, तर डीईजी निघाला ४८.६ टक्के. मर्यादा असते ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ पाचशे पट. "अंश सापडला" असली ही गोष्ट नाही. निम्मी बाटली.

हे सगळं वाचून त्या रविवारी संध्याकाळी मी भयंकर तापलो होतो. व्यापारी, कारखानदार, इन्स्पेक्टर, मंत्री, कुणालाच सोडलं नाही. बायको शांतपणे भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "ते गाडीचं राहिलेलं कूलंट कुठे ठेवलंस रे?"

माझ्या पोटात खड्डा पडला.

जूनमध्ये गाडीत कूलंट घातलं होतं. अर्धा लिटर उरलं, कॅन गळत होता, म्हणून मी ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून बाल्कनीत चपलांच्या स्टँडमागे ठेवलं होतं. छान गुलाबी रंग, सरबतासारखा. कूलंटमध्ये असतं एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजीचा सख्खा भाऊ. हाही गोड, हाही किडनी घालवणारा. बाटलीवर लेबल कसलं? पिण्याच्या पाण्याचं!

स्टँडमागे बाटली नव्हती. ती सापडली लेकीच्या भातुकलीत, छोट्या कुकरच्या शेजारी. झाकण घट्ट होतं. मी उघडून बघितलं, हलवून बघितलं, स्टँडमागे कुठे सांडलंय का बघितलं. लेकीला विचारलं, हे काय आहे गं? म्हणाली, "सरबत. बाहुलीचं."

काही झालं नाही. लेक ठणठणीत आहे. पण पिंपावरचं "टीडी" पुसून टाकणारा तो अज्ञात माणूस आणि मी, यात नेमका फरक काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यानं पैशांसाठी केलं असेल, मी आळसापोटी केलं. बाटलीला तो फरक कळत नाही.

असो. त्या दिवसापासून आमच्या घरी काही नियम झाले. डॉक्टरांना विचारून केलेत. तुमच्या उपयोगी पडले तर घ्या.

एक. खायच्या-प्यायच्या बाटलीत दुसरं काहीही ओतायचं नाही. कूलंट, ब्रेक ऑइल, फिनेल, ॲसिड, रॉकेल, काहीच नाही. जे ज्या डब्यात आलं ते त्याच डब्यात, लेबलासकट, आणि मुलांच्या हाताच्या वर. डबा गळत असेल तर आतलं गॅरेजवाल्याला देऊन मोकळं व्हायचं.

दोन. लहान मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्याला मनानं सिरप द्यायचं नाही. शनिवार रात्र असली तरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं स्पष्ट सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा लागत नाहीत. बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. पाणी, विश्रांती आणि एक वर्षाच्या वरच्या मुलाला थोडा मध. (एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. आजी कितीही म्हणाली तरी नाही.)

तीन. ताप असेल तर पॅरासिटामॉल चांगलं औषध आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण लेबल वाचायचं. आपल्याकडे ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, २५० चंही मिळतं आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. चौदा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण २१० मिलिग्रॅम पुरतं. सिरप समजून ड्रॉप्सचा एक चमचा दिला, तर झाले ५००. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला मारतं. डोस वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा आणि बाटलीबरोबर आलेल्या मापानंच द्यायचा, घरातल्या चमच्यानं नाही.

चार. औषध सुरू असताना मुलाला सारख्या उलट्या व्हायला लागल्या, ते मलूल पडलं किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर पुढचा डोस द्यायचा नाही. सरळ हॉस्पिटल, आणि बाटली बरोबर. बाटली टाकायची नाही! तिच्यावरचा बॅच नंबर दुसऱ्या कुणाचं तरी मूल वाचवू शकतो. वेळेत कळलं तर ते यकृतातलं एन्झाइम अडवणारं औषध आहे, डायलिसिस आहे.

पाच. मुलानं घरातलं रसायन प्यायलं असं नुसतं वाटलं तरी घरी उलटी करवायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही. डबा घेऊन हॉस्पिटल. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास फोनवर मदत करतं. नंबर शोधून फ्रिजवर लावून ठेवा. आमच्याकडे लावलाय.

खरं सांगायचं तर या पाचही नियमांनी बाटलीतला डीईजी दिसणार नाही. तो घरी बसून कुणालाच दिसत नाही, वासानं नाही, चवीनं नाही. तो फक्त कारखान्यात, पिंप उघडलं त्या दिवशी, एका थेंबावर पकडता येतो. तिथे आपला हात पोचत नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच, की गरज नसलेली बाटली उघडायची नाही, आणि अशी बातमी आली की ती चार दिवसांत विसरायची नाही. बाबा चाळीस वर्षं विसरले नव्हते, म्हणून तर मला १९३७ पर्यंत जाता आलं.

लेखाच्या सुरुवातीला म्हटलं ना, औषधांचा डबा आवरत होतो. फ्रिजच्या दारातली ती बाटली तेव्हाची तशीच होती. न उघडलेली, एक्स्पायरी उलटून गेलेली. लेबल काढून टाकलं नाही, लेबलासकटच टाकून दिली.

लेकीचा खोकला? तो त्या बुधवारी गेला. आपला आपण.